मारुती कांबळेची गैरहजेरी

मराठी समाजवास्तववादी चित्रपट नव्याने पाहायला बसले की पहिला थांबा 'सामना' हाच येतो. १९७५ च्या या चित्रपटात एका साखरसम्राटाच्या गावात दारूत बुडालेला, मळक्या कपड्यांतला एक म्हातारा येऊन पडतो. कधीकाळी तो स्वातंत्र्याच्या चळवळीत होता, गांधींना मानणारा होता. आता 'मास्तर' या हाकेपलीकडे त्याची ओळख उरलेली नाही. हिंदुराव धोंडे-पाटील त्याला आपल्या घरी आणतात, खाऊपिऊ घालतात, आपले राज्य दाखवतात. या पाहुणचारातच मास्तरच्या कानावर एक नाव पडते : मारुती कांबळे. फौजेतून परतलेला हा जवान आता गावात नाही. त्याचे काय झाले, असे मास्तर विचारू लागतो. सुरुवातीला एका दारुड्याची बडबड वाटणारा हा प्रश्न हळूहळू गावभर होतो आणि ज्या वाड्यात तो पहिल्यांदा विचारला गेला, त्याच वाड्याचा पाया हलवतो.

नाशिक जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हिंदुरावांच्या राज्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली आणि पुढच्या काही दशकांत ती वाट गोदावरी, कादवा, गिरणेच्या खोऱ्यांत पोचली. निफाडचा 'निसाका', पळसे येथील 'नासाका', देवळा तालुक्यातला 'वसाका', दिंडोरीचा 'कादवा' ही नावे इथल्या घरांत नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जातात. कारखान्याचा चेअरमन गावावर हुकूम कसा चालवतो, हे समजायला बंदुकीची गरज नसते. शेतकऱ्याने उसाची नोंद केली, पण तोड वेळेवर आली नाही, तर उसाला तुरा येतो, वजन घटते आणि वर्षाची कमाई बांधावरच वाळते. तोड कुणाच्या शेतात आधी जायची, शाळेत शिपाई कोण लागणार, पतसंस्थेचे कर्ज कुणाला मिळणार, हे ठरवणारा माणूस एकच असला की गावाला त्याच्याविरुद्ध बोलायचे धाडस होत नाही. गाव त्याला घाबरते आणि त्याचे उपकारही मानते. 'सामना'ने पकडला आहे तो हा दुहेरी बांध.

म्हणून निळू फुले यांचा हिंदुराव आजही जुना वाटत नाही. तो मिशीला पीळ देणारा पाटील नाही. तो उत्तम यजमान आहे, कर्तबगार आहे, माळरानावर त्याने खरोखर काही उभे केले आहे आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. मोठ्या पदावरच्या माणसाला येणारे एकटेपणही त्याच्यात आहे. बरोबरीने बोलणारा कुणी हवा म्हणून तो मास्तरला घरात ठेवून घेतो. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर आणि हा हिंदुराव समोरासमोर बसतात तेव्हा स्वातंत्र्यलढ्यात थकलेली पिढी आणि स्वातंत्र्यानंतर सत्तेवर बसलेली पिढी एकमेकींकडे पाहत असते. दोघांनाही समोरचा माणूस आवडतो. चित्रपटाचे मोठेपण या आवडण्यात आहे. शत्रूशी झुंज रंगवणारे चित्रपट पुष्कळ असतात; ज्याचे अन्न खाल्ले त्यालाच प्रश्न विचारण्याची यातना दाखवणारे फार थोडे.

मराठी समाजवास्तववादाच्या परंपरेचे मूळ मात्र खूप मागे आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपला मुक्काम नाशिकला हलवला. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' या मूकपटांनी याच शहराला देशातल्या पहिल्या चित्रपटगावांपैकी एक केले आणि हिंदुस्थान कंपनीत पौराणिक कथांमागून पौराणिक कथा चित्रित होत राहिल्या. त्याच काळात, १९२५ मध्ये, कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' केला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कागदावर जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. नाशिकच्या पडद्यावर देव अवतरत होते, तेव्हा कोल्हापूरच्या पडद्यावर कुळाच्या हातून जमीन जात होती. ब्रिटनमध्ये जॉन ग्रीअरसन यांनी हेरिंग पकडणाऱ्या कोळ्यांवर 'ड्रिफ्टर्स' केला तो १९२९ मध्ये, म्हणजे 'सावकारी पाश'नंतर चार वर्षांनी. पुढे प्रभातच्या 'कुंकू' (१९३७) आणि 'माणूस' (१९३९) या चित्रपटांनी जरठ-कुमारी विवाह आणि वेश्येचे माणूसपण हे विषय लोकप्रिय चित्रपटात आणले. स्वातंत्र्यानंतर हा प्रवाह क्षीण झाला. 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये आला, पुण्याच्या एकाच चित्रपटगृहात तो दोन वर्षांहून अधिक चालला आणि मग तमाशापटांची रांग लागली.

नेमक्या त्याच वर्षी ब्रिटनमध्ये उलट दिशेने वारे सुटले होते. 'रूम ॲट द टॉप' १९५९ चा, 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' १९६० चा, 'अ टेस्ट ऑफ हनी' १९६१ चा, 'धिस स्पोर्टिंग लाइफ' १९६३ चा. लंडनच्या दिवाणखान्यांत रमलेला कॅमेरा नॉटिंगहॅम, सॅलफर्ड, वेकफील्ड अशा उत्तरेकडच्या आणि मधल्या औद्योगिक गावांत जाऊन उभा राहिला. 'सॅटरडे नाइट'चा नायक आर्थर सीटन रॅलेच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करतो, आठवडाभर सुटे भाग मोजतो आणि शनिवारी रात्री पगार उडवतो. अल्बर्ट फिनी यांनी रंगवलेल्या या तरुणाला कुणाची दया नको असते. कादंबरीकार ॲलन सिलिटो स्वतः त्याच कारखान्यात राबलेले होते. 'अ टेस्ट ऑफ हनी'चे मूळ नाटक लिहिणाऱ्या शेला डिलेनी सॅलफर्डच्या कामगारवस्तीत वाढल्या आणि नाटक रंगभूमीवर आले तेव्हा त्या जेमतेम एकोणीस वर्षांच्या होत्या. 'धिस स्पोर्टिंग लाइफ'चे डेव्हिड स्टोरी खाणकामगाराचे चिरंजीव आणि स्वतः रग्बी खेळलेले. दिग्दर्शक मात्र वेगळ्या थरातले : लिंडसे अँडरसन आणि टोनी रिचर्डसन ऑक्सफर्डचे, कारेल राइश केंब्रिजचे. शब्द खालून आले आणि कॅमेरा वरून. त्या चित्रपटांचे बळ या गाठीत होते. त्यांची मर्यादाही तिथेच सापडते. धुरांड्यांनी भरलेल्या गावाकडे टेकडीवरून पाहणारे एखादे लांबचे दृश्य त्यांतल्या कितीतरी चित्रपटांत येते आणि ते दृश्य गावात राहणाऱ्याचे नसते, पाहुण्याचे असते.

मराठीत अशी गाठ पडली नाही, आणि 'सामना', 'सिंहासन' पुन्हा पाहताना सर्वांत जास्त जाणवते ते हेच. या चित्रपटांमागची माणसे बहुतेक रंगभूमीची. सत्यदेव दुबे यांनी 'सामना'चे लेखक विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर १९७१ मध्ये चित्रपट केला, तेव्हा सुलभा देशपांडे नाटकातली बेणारे घेऊन पडद्यावर आल्या आणि कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी होते. तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल' या नाटकाच्या वादातून १९७३ मध्ये पुण्यात थिएटर ॲकॅडमी जन्मली. 'सामना'चे दिग्दर्शक जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी तिथली. पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टरांच्या या मेळाव्यात निळू फुले यांची वाट निराळी होती. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले होते, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले होते आणि लोकनाट्यातून 'एक गाव बारा भानगडी'पर्यंत पोचले होते. हिंदुरावाच्या बोलण्यातला गावचा ठसका आणि डोळ्यांतला हिशेब अभ्यासातून आलेला नाही. 'सामना'तल्या सुशिक्षित रचनेला माती दिली ती त्यांनी, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकला शिक्षक होते. भास्कर चंदावरकर यांचे संगीत, जगदीश खेबुडकर आणि आरती प्रभू यांची गीते. ब्रिटिश वास्तववादाने गाणे हद्दपार केले होते. मराठीने ते ठेवले आणि कथेच्या कामाला लावले. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात 'सामना' दाखवला गेला.

चार वर्षांनी आलेला 'सिंहासन' पटेल-तेंडुलकर या त्याच जोडीचा. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री जिवाजीराव, लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचे कामगार पुढारी डिकास्टा आणि या सगळ्यांना पाहून आतून पोखरत जाणारा निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती, राज्यात सरकारे बदलली होती. 'सामना'ला एक प्रश्न विचारला की उत्तर मिळेल असा विश्वास होता. 'सिंहासन'मधल्या पत्रकाराला सगळी उत्तरे आधीच ठाऊक असतात आणि ती छापून काही हलत नाही. दुष्काळ, संप, तस्करी हे सारे सत्तेच्या पटावरच्या सोंगट्यांसारखे सरकवले जाते. मंत्रालयाच्या जिन्यांत, बंगल्यांच्या बैठकीत, दूरध्वनीच्या तारांवर सत्ता प्रत्यक्षात कशी हलते हे इतक्या बारकाईने दाखवणारा चित्रपट भारतीय भाषांत त्याआधी क्वचितच झाला असेल. ब्रिटनच्या साठच्या दशकातल्या त्या गाजलेल्या चित्रपटांत तर पंतप्रधानांच्या घरापर्यंत कॅमेरा जातच नाही. त्यांनी कामगाराचे स्वयंपाकघर पाहिले, मराठीने राज्यकर्त्याचा वाडा पाहिला.

या निवडीची किंमत मोजली ती मारुती कांबळेने. संपूर्ण 'सामना' त्याच्या नावावर उभा आहे आणि चित्रपट सुरू होतो तेव्हा तो नाहीच. मोहन आगाशे यांनी त्याला देह दिला, पण त्याची गोष्ट तो स्वतः सांगत नाही. ती इतरांच्या तोंडून, तुकड्यातुकड्याने मिळते. त्याचे घर कसे होते, तो जेवत काय होता, फौजेतून परतल्यावर गावाच्या कोणत्या टोकाला त्याला राहावे लागले, हे प्रेक्षकाला फारसे कळत नाही. त्याच्यासाठी लढणारा मास्तर आणि त्याला संपवणारा हिंदुराव, दोघेही वरच्या अंगणातले. कारखान्याच्या गोष्टीत ऊसतोड कामगारांच्या टोळ्याही पडद्याच्या कडेलाच राहतात. मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिने कोपीत काढणारे जोडपे, ज्याला हिशेबाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून मांडले जाते, ते त्या दशकातल्या कोणत्याही गाजलेल्या मराठी चित्रपटाचे नायक झाले नाही.

साहित्य तोवर पुढे गेले होते, हे लक्षात घेतले की ही उणीव आणखी टोचते. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. म्हणजे 'धिस स्पोर्टिंग लाइफ' ज्या वर्षी ब्रिटिश पडद्यावर आला, त्याच वर्षी मराठीत झोपडपट्टी, उपासमार, जात आणि कामगारवस्ती यांचे इतके धगधगीत चित्रण पुस्तकरूपाने उपलब्ध होते. १९६९ मध्ये त्यांचा 'मरण स्वस्त होत आहे' आला. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा, नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ चा, दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ चे. सिलिटो आणि डिलेनी यांच्या तोडीचे, किंबहुना त्यांच्याहून अधिक सोसलेले लेखक मराठीत लिहीत होते. ब्रिटनच्या वुडफॉल फिल्म्ससारखी एखादी संस्था, जी लेखकाला त्याच्या वस्तीसकट पडद्यावर आणील, ती मात्र इथे उभी राहिली नाही. नाशिकला सातपूरची औद्योगिक वसाहत वाढत होती, ओझरला विमानांचा कारखाना होता, नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जात होत्या. तीन पाळ्यांत काम करणारे, गावाकडे शेती आणि शहरात भाड्याची खोली असणारे हजारो आर्थर सीटन इथेही होते. कामगारवस्तीचा वारा मराठी चित्रपटात आला तो अनपेक्षित दारातून. गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडके यांच्या विनोदी चित्रपटांतून. 'सामना' आला त्याच वर्षी त्यांचा 'पांडू हवालदार' आला. समीक्षकांनी दोन्ही चित्रपट एकाच वाक्यात घ्यायचे टाळले, पण गिरणीतली पाळी संपवून आलेला प्रेक्षक कुठल्या चित्रपटाला गर्दी करत होता, ही गोष्ट वास्तववादाच्या इतिहासातून गाळता येत नाही.

तेंडुलकरांना ही पोकळी जाणवली असावी, असे त्यांनी लिहिलेला 'आक्रोश' पाहताना वाटते. निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला १९८० चा हा चित्रपट हिंदीत आहे, पण त्याचा मुलूख ओळखीचा आहे. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू, त्याचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी आणि स्वतः आदिवासी असूनही सरकारच्या बाजूने उभा असलेला वकील दुसाने. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात ठेकेदार, पुढारी आणि फौजदार यांचे लागेबांधे पाहिलेल्या माणसाला ही कथा कुठेही घडवता येईल. ओम पुरी यांचा लहान्या जवळजवळ संपूर्ण चित्रपट एक शब्द बोलत नाही. मारुती कांबळे गैरहजर होता. लहान्या हजर आहे आणि मुका आहे. पाच वर्षांत पडलेले हे पाऊल लहान नव्हे. 'उंबरठा'ने १९८२ मध्ये स्त्रियांच्या सुधारगृहाचे दार उघडले. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरच्या या चित्रपटात स्मिता पाटील यांची सुलभा महाजन संस्थेची अधीक्षक म्हणून आत जाते आणि तिच्या नजरेने आतल्या बायका दिसतात. पुन्हा मध्यस्थ आहेच, पण ही मध्यस्थ आतल्या बायकांमुळे स्वतः बदलते, परतल्यावर तिला स्वतःच्या घरातही जागा उरत नाही.

ब्रिटनमध्ये तोवर केन लोच यांनी वेगळे वळण घेतले होते. १९६६ मध्ये बीबीसीवर दाखवलेल्या 'कॅथी कम होम'ने घर गमावलेल्या कुटुंबाची गोष्ट थेट लोकांच्या बैठकीत नेऊन ठेवली. १९६९ च्या 'केस'मध्ये बार्न्सली या खाणगावातला बिली कॅस्पर हा पोरगा ससाण्याच्या जातीचा एक छोटा पक्षी पाळतो. शाळा त्याला छड्या मारते, भाऊ खाणीत जातो आणि बिलीचीही वाट तिकडेच ठरलेली आहे. लोचनी त्याच भागातला मुलगा घेतला, त्याला त्याच्याच बोलीत बोलू दिले, क्रिस मेंजिस यांनी नैसर्गिक प्रकाशात लांबून चित्रण केले. टेकडीवरचा पाहुणा इथे खाली उतरला.

'केस'चा मराठी जोडीदार यायला चव्वेचाळीस वर्षे लागली. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ चा. जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, शाळेतल्या शालूवर जीव टाकतो आणि त्याच्या कैकाडी कुटुंबाला गावातली डुकरे पकडायला लागतात. बिली आणि जब्या या दोघांच्या गोष्टीत पक्षी आहे, शाळा आहे, हरलेले घर आहे. बिलीला त्याच्या वर्गाने बांधले आहे, जब्याला जातीने, आणि जात वर्गापेक्षा अधिक उघड्यावर वावरते. बिलीचा अपमान शाळेच्या चार भिंतींत होतो, जब्याचा भर गावात, वर्गमित्रांसमोर, राष्ट्रगीत चालू असताना. डुक्कर हातचे निसटते आहे आणि कुटुंब सावधान उभे आहे, हे दृश्य मराठी वास्तववादातले सर्वांत धारदार दृश्य मानायला हरकत नाही. मंजुळे टेकडीवर उभे राहून पाहत नाहीत. चित्रपटाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या'ने २००८ मध्ये याच वाटेवर एक पोर आणि त्याचा बैल आणले होते, जुन्नरच्या मातीतल्या बोलीसकट.

मग २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये पुन्हा एक कांबळे आला. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर आहे; त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. भूमिकेत वीरा साथीदार, स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी ज्या परंपरेत आयुष्यभर गायले, त्या परंपरेतला हा माणूस पडद्याच्या मधोमध उभा राहून गातो. त्याच्याबद्दल कुणाला विचारावे लागत नाही. तो स्वतः बोलतो, आणि बोलतो म्हणूनच तुरुंगात जातो. 'सामना'मध्ये प्रश्न पुरेशा चिकाटीने विचारला गेल्यावर हिंदुराव कायद्याच्या हाती सापडले होते. 'कोर्ट'मध्ये कायदा रोज कामकाजाला बसतो, तारखा देतो, जुनी कलमे वाचतो, जामीन देतो आणि त्याच माणसाला नव्या कलमाखाली पुन्हा आत घेतो. तिथे कुणी हिंदुराव नाही. न्यायाधीश सभ्य आहेत, सरकारी वकील बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करतात, मुलांचे पाहतात, आणि ताम्हाणे त्यांच्या स्वयंपाकघरातही तितक्याच शांतपणे थांबतात. उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे मालवतात, न्यायाधीश कुटुंबासह सहलीला जातात. नारायण कांबळेची पुढची सुनावणी सुट्टीनंतर.